फिरतीवर बसलेला माणूस

आमच्या कॉलनीत माझ्याविषयी एक ठाम समज आहे: हा मुलगा कायम गावोगाव हिंडत असतो. समोरच्या काकूंना मी कधी भरदिवसा दारात दिसलो, तर त्या आईला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "काय हो, नोकरी सुटली का त्याची?" मी औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर. मुक्काम सोलापूर. महिन्याच्या टूर प्लॅनमध्ये पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, बार्शी, धाराशिव, लातूर, उमरगा अशी गावं असतात. ही यादी ऐकून मावशीला गहिवरून येतं. विठोबा, स्वामी समर्थ, तुळजाभवानी, बार्शीचा भगवंत, सगळे एका महिन्यात आणि वर कंपनीचा भत्ता! "मागच्या जन्मीचं पुण्य आहे रे," असं ती म्हणते. या जन्मीचं टार्गेट तिला कुणी सांगितलेलं नाही.

खरी गोष्ट अशी की मी बसतो. एसटीत बसतो. एसटी यायची असते म्हणून स्टँडवर बसतो. डॉक्टर यायचे असतात म्हणून दवाखान्यात बसतो आणि डॉक्टर आले की त्यांचे पेशंट संपायचे असतात म्हणून तिथंच आणखी बसतो. स्टॉकिस्टचा माणूस जेवायला गेलेला असतो, त्याच्या गोदामात खोक्यावर बसतो. आणि रात्री लॉजच्या पलंगावर बसून, दिवसभर कुठं कुठं फिरलो याचा रिपोर्ट भरतो. माझा चुलतभाऊ बँकेत आहे. तो एका जागी बसून काम करतो, असं सगळे नातेवाईक मानतात. पण त्याच्या मोबाइलमधली पावलं मोजायची सोय रोज रात्री माझ्यापेक्षा मोठा आकडा दाखवते. काउंटरपासून मॅनेजरच्या केबिनपर्यंत आणि तिथून चहाच्या टपरीपर्यंत तो जेवढा चालतो, तेवढं मला लातूर जिल्ह्यात मिळून चालावं लागत नाही.

आमच्या कंपनीच्या लेखी पृथ्वीचे तीन भाग आहेत: हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन. ज्या गावी सकाळी जाऊन रात्री घरी परत आलात ते गाव एक्स, जिथं रात्री झोपलात ते आउट. भत्ता त्यानुसार. म्हणजे एखादं गाव जवळ की लांब हे अंतरावर ठरत नाही, मी कुठं पाठ टेकली यावर ठरतं. मी रात्री साडेबाराला डोळे चोळत घरी पोचलो, तर लातूर एकदम जवळ येतं. तिथंच एखाद्या लॉजवर आडवा झालो, की ते दूर जातं आणि भत्ता वाढतो. झोपायचे पैसे मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्याच. रात्रपाळीच्या वॉचमनलाही मिळतात, पण उघडपणे नाही.

प्रवासखर्चासाठी कंपनीचा एक ठरलेला तक्ता असतो. त्याला आम्ही एसएफसी म्हणतो, स्टँडर्ड फेअर चार्ट. सोलापूर ते बार्शी किती किलोमीटर, हे गुगल एक सांगतं, एसटीचं तिकीट दुसरं सांगतं आणि तक्ता तिसरं. तक्त्यातला आकडा नेहमी सगळ्यांत लहान असतो. पृथ्वी गोल आहे की नाही यावर अकाउंट्स विभागाला काही म्हणायचं नाही, ती लहान आहे याबद्दल मात्र त्यांची खात्री आहे. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. पंधरा म्हटलं असतं तर लोक भडकले असते. चौदा पूर्णांक पंच्याण्णव म्हटल्यावर सगळे मनातल्या मनात गुणाकार करत बसले आणि तेवढ्यात गाडी सुटली. तक्त्यात ही वाढ अजून पोचलेली नाही. मी विचारणा केली होती. "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं, म्हणजे तीही कुठल्या तरी स्टँडवर बसलेली असणार.

एसटीविषयी मात्र मी वाईट बोलणार नाही. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून या महामंडळानं महाराष्ट्राला काय दिलं याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला तिनं दिलेली गोष्ट म्हणजे खिडकीतून रुमाल टाकण्याचं कौशल्य. एमबीए केलेल्या माणसालाही हे शिकवता येत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आधी, ती वळत असतानाच, डावीकडून तिसऱ्या खिडकीतून रुमाल असा सोडायचा की तो सीटवर पसरून पडला पाहिजे. नुसता पडून चालत नाही, गोळा होऊन पडलेल्या रुमालाला कायद्याचा आधार नसतो. लोक तो उचलून खिडकीत ठेवतात आणि बसतात. पसरलेल्या रुमालाला मात्र भलेभले मान देतात. सातबारा नावावर असून शेजारी बांध कोरतो अशा आमच्या मुलखात, एका चौकोनी कापडावर एवढा विश्वास दाखवला जातो याचं मला अजून नवल वाटतं.

अलीकडे एसटीत माझी प्रतिष्ठा वाढली आहे. त्याचं कारण शासनाचं धोरण. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट. दोन्ही निर्णय उत्तमच आहेत, माझी आई आता दर पंधरवड्याला बहिणीकडं बार्शीला जाते आणि "अर्ध्यात जाऊन आले" असं विजयी मुद्रेनं सांगते. पण दुपारच्या तुळजापूर गाडीचं चित्र बघा. पुढं आजोबांची रांग, सगळी मोफत. मधे बायका, सगळ्या निम्म्यात. मागं शाळेची पोरं, त्यांचे पास. कंडक्टर मशीन घेऊन सगळी गाडी पालथी घालतो, सगळ्यांची आधार कार्डं बघून दमतो आणि शेवटी टाय लावलेल्या माझ्यापाशी येतो. "एक फुल?" हे शब्द उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर जो ओलावा येतो, तो मला माझ्या मॅनेजरच्या चेहऱ्यावर कधी दिसलेला नाही. एकदा तर तो मागं वळून ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "एक निघालाय बे, फुल!" पुढच्या सीटवरच्या आजोबांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्यात कणव होती.

उतरलं की दवाखाना. आमच्या धंद्यात डॉक्टरांच्या भेटीला कॉल म्हणतात. दारावर पाटी असते: एमआर भेट फक्त मंगळवार व शुक्रवार, दुपारी 2 ते 2.30, एका वेळी दोघे. नवखा मुलगा ती वाचून मंगळवारी दोनला येतो. जुनं खोड दीडलाच येऊन बसतं. दोनला डॉक्टर जेवायला घरी जातात, साडेतीनला येतात आणि जे आधीपासून बसलेत त्यांनाच आत घेतात, हे त्याला ठाऊक असतं. आत कुणी जायचं हे ठरवतात रिसेप्शनवरच्या मावशी. आमच्या औषधातला घटक डॉक्टरांना पटवून द्यायला माझं बी.फार्म. कामाला येतं. मावशींपुढं कुठलंही शिक्षण कामाला येत नाही. त्यांच्या मनात आलं की त्या हनुवटीनं दाराकडं खूण करतात, आणि मनात नसलं की भिंतीवरच्या गर्भाच्या वाढीच्या तक्त्याकडं बघत राहतात. नाइलाजानं मीही बघत राहतो. सातव्या महिन्यात काय काय तयार झालेलं असतं, ते मी आता कुठल्याही सुईणीला सांगू शकेन.

आत गेल्यावर किती वेळ मिळतो? ट्रेनिंगमध्ये आम्हाला पाच पायऱ्यांचं संभाषण शिकवलं होतं. नमस्कार, विचारपूस, गरज ओळखणं, फायदे सांगणं, आश्वासन मिळवणं. प्रत्यक्षात दुसऱ्या पायरीवर डॉक्टरांचा फोन वाजतो. मग मी टॅबलेट उघडतो. पडद्यावर एक लालभडक जठर दिसतं, आमची गोळी पोटात जाते आणि ते जठर हळूहळू शांत, गुलाबी होऊ लागतं. ते पुरतं गुलाबी होईपर्यंत थांबलेला डॉक्टर अजून माझ्या पाहण्यात नाही. नारिंगीपर्यंत आलं की ते म्हणतात, "हं, लिहितो. पुढचा कोण?"

बाहेरचा बाक हा मात्र या नोकरीतला खरा ऐवज. तिथं बसलेल्या पेशंटांचा आमच्यावर राग असतो, कारण आम्ही नंबर न लावता आत जातो. टाय पाहून काहींना आम्ही डॉक्टरच वाटतो, काहींना वसुलीवाले. उमरग्यात एका आजींनी मला बराच वेळ न्याहाळून विचारलं, "तुला काय हुतंय रं बाळा?"

"काही नाही आजी. मी कंपनीचा."

"मग धडधाकट माणूस दवाखान्यात कशाला बसलाय?"

या प्रश्नावर आमच्या कंपनीची वार्षिक परिषद घेता येईल. मी गप्प बसलो. मग आजींनी कनवटीतून एक स्ट्रिप काढली, "ही जेवायच्या आदी घ्यायची का मागनं?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. तर म्हणाल्या, "त्येंनी सांगितलंय. पर त्येंचं कळत न्हाई. तू बसलायस तर सांग की."

बाकावर बसून जिल्ह्याची बित्तंबातमी कळते. ऊस तुटून गेला का, कारखान्यानं बिल काढलं का, मंगळवेढ्याकडं ज्वारी कशी आहे, हुरड्याला कधी यायचं. उजनीत पाणी किती, हा तर बारमाही विषय. उन्हाळ्यात उजनी धरणाची टक्केवारी शून्याच्याही खाली जाते. "उजनी मायनसमधी गेली" हे इथलं शेंबडं पोरही बोलतं. टक्केवारी मायनसमध्ये जाऊनसुद्धा गोष्ट तशीच चालू राहते, असं सोलापूर जिल्ह्यात दोनच ठिकाणी बघायला मिळतं: उजनी धरण आणि माझी विक्रीतली वाढ. धरणाला निदान पावसाळ्याची आशा असते.

या बाकावर माझ्या शेजारी बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीतला माझा मित्र बसलेला असतो. तो पित्ताची गोळी विकतो, मीही पित्ताची गोळी विकतो. दोन्हींत पँटोप्रॅझोल आणि डोमपेरिडोन, तेवढंच आणि तसंच. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींवर हिमाचलातल्या बद्दीचाच पत्ता आहे. आधी तो आत जातो आणि त्याची गोळी पटकन विरघळते असं सांगून येतो. मग मी आत जातो आणि माझी गोळी योग्य जागी विरघळते असं सांगतो. डॉक्टर दोघांनाही "लिहितो" म्हणतात. बाहेर आलो की दोघं एकाच मोटरसायकलवरून पुढच्या गावाला निघतो. रात्री खोलीही एकच घेतो, भाडं निम्मंनिम्मं. दोन कंपन्यांमध्ये बाजारपेठेसाठी घनघोर लढाई चालू असल्याचं मुंबईच्या बैठकीत आकडे दाखवून सांगतात. लढाईतले दोन्ही सैनिक तेव्हा औशाच्या पुढं एका धाब्यावर शेवभाजी वाटून खात असतात. पुढं डबलसीट बसल्यामुळं त्याचं पित्त वाढलं, तर तो माझी गोळी घेतो. स्वतःच्या सॅम्पलचा त्याला हिशेब द्यावा लागतो ना.

सॅम्पलवरून आठवलं. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं औषधांच्या विपणनासाठी नवी संहिता आणली. डॉक्टरांना भेटवस्तू बंद. फार तर माहितीसाठीची पुस्तकं, कॅलेंडरं, डायऱ्या द्यायच्या, त्याही प्रत्येकी हजार रुपयांच्या आतल्या. एका औषधाची वर्षभरात एका डॉक्टरला सॅम्पलची बाराच पाकिटं, आणि एका पाकिटात तीन पेशंटांपुरतंच औषध. हे सगळं चांगलं झालं, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमचे एक काका मात्र या संहितेनं खचले. गेली काही वर्षं त्यांनी स्वतःचं पित्त पूर्णपणे माझ्या भरवशावर सोडलं होतं. मिसळ, बटाटेवडा, रात्री अकराला आमरस, सगळं बिनधास्त. मी त्यांना नियम वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यात डॉक्टर लिहिलंय. काका कुठं लिहिलंय?" कायद्याची ही फट अजून कुणी बुजवलेली नाही.

आता आमचा टूर प्लॅन. तो मंजूर होतो अंधेरीत. तिथं बसलेल्या साहेबांना क्वार्टर ठाऊक असतो, एकादशी ठाऊक नसते. त्यामुळं आषाढीच्या आठवड्यात माझा मुक्काम पंढरपूरला पडतो, गुरुवारी मी अक्कलकोटला असतो आणि नवरात्रात तुळजापूरला. आषाढीत पंढरपुरात खोली शोधणाऱ्याला लॉजवाले हसतही नाहीत, नुसते हात जोडतात. डॉक्टर स्वतः वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करत मंडपात बसलेले. मी साहेबांना फोनवर म्हटलं, आज कॉल होणं अवघड आहे, गावात लाखो लोक आलेत. साहेब उत्साहानं म्हणाले, "मग पोटेन्शियल तर वाढलं!"

त्यात ते ॲप. पूर्वीची एमआर मंडळी संध्याकाळी रिपोर्टमध्ये डॉक्टरांची नावं लिहून पोस्टानं पाठवायची, असं ऐकतो. काय सुखाचे दिवस. आता दवाखान्याच्या दारात उभं राहून मोबाइलवर हजेरी लावावी लागते. आपण डॉक्टरांच्या ठरलेल्या ठिकाणापासून दूर असलो तर ॲप ती घेत नाही. पंढरपुरात महाद्वाराजवळच्या बोळात एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. मी त्यांच्या टेबलापुढं उभा असतो, ॲपच्या मते मी चंद्रभागेत असतो. हजेरीसाठी मला गल्लीत थोडं पुढं, मग डावीकडं, मग एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. तिथं मी डॉक्टरांसमोर उभा आहे, असं ॲपला मान्य होतं. बांगडीवाल्या मावशींना आधी माझा संशय आला होता. आता त्या लांबूनच सांगतात, "ये, आज रेंज चांगली आहे."

धाराशिवचा घोळ वेगळाच. एसटीच्या पाटीवर धाराशिव, ॲपमध्ये उस्मानाबाद, तक्त्यात उस्मानाबाद, लॉजच्या बिलावर धाराशिव. त्यामुळं ऑडिटवाल्यांनी एकदा विचारलं की आपण उस्मानाबादला गेलात, मग झोपलात दुसऱ्या गावी कसे?

मॅनेजरचा फोन कधीही येतो. त्याचा पहिला प्रश्न "कुठं आहेस?" आणि दुसरा "किती झाले?" आईचा फोन रात्री नवाला येतो. तिचा पहिला प्रश्न "पोचलास का?" आणि दुसरा "जेवलास का?" या चारही प्रश्नांना एकेकच उत्तर मान्य आहे. नोकरीत नव्यानं येणाऱ्यांना माझा एकच सल्ला असतो: मॅनेजरला "क्लिनिकमध्ये आहे" असं सांगायचं असेल, तर बसस्थानकावरून सांगू नये. मागून बाईंचा स्वच्छ, शुद्ध मराठी आवाज येतो की अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे. अंधेरीतल्या साहेबांना मराठी कळत नाही, पण फलाट कळतो.

लॉज सगळीकडं सारखे. आरशावर आधीच्या कुणाकुणाच्या टिकल्या चिकटवलेल्या. दाढी करताना त्यातली एखादी नेमकी आपल्या कपाळावर येते. चार्जिंगची एकच खुंटी चालू, तीही टीव्हीच्या मागं, छताजवळ. म्हणजे मोबाइल चार्ज करायचा तर तो टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचा आणि रात्री मॅनेजरचा फोन आला की खुर्चीवर चढून बोलायचं. गरम पाणी सकाळी 6 ते 8, असं काउंटरवर लिहिलेलं असतं. ते खरंही असतं, फक्त ते पहिल्या मजल्यापर्यंतच येतं. लग्नसराईत खालच्या हॉलमध्ये बँड असतो. रात्री साडेअकराला आपण हताश होऊन खाली उतरलो, तर वरपक्षाला वाटतं आपण वधूपक्षाचे आणि वधूपक्षाला वाटतं आपण वरपक्षाचे. जेवण चांगलं असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा खोल्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, भाडं मात्र होतं तेवढंच राहिलं. मी मालकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "सरकारनं कमी केलं. मी कुठं केलं?"

घरी परत यायचं म्हणजे हात हलवत येता येत नाही. भूमच्या बाजूला गेलो तर कुंथलगिरीचे पेढे, धाराशिवहून गुलाबजाम, मंगळवेढ्याहून ज्वारी, लातूरला गंजगोलाईतून काकूंची कुठली तरी खास फणी. त्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. काकू फोनवर सांगतात, "तिथं आत शिरलास की डाव्या हाताला." डाव्या हाताला म्हणजे नेमका कुठल्या रस्त्यानं आत शिरलेल्याच्या? सॅम्पलची बॅग परतीला ज्वारीनं भरलेली असते. एका केमिस्टनं चुकून तिच्यात हात घातला आणि म्हणाला, "नवीन लाँच का?"

तर असा मी, आणि घरात सध्या माझ्या लग्नाचं चाललंय. बायोडेटात "मुलगा फिरतीवर असतो" हे वाक्य घालावं की नको, यावर आईबाबांचा वाद झाला. शेवटी घातलं. त्यावर आलेले प्रश्न मोठे गोड होते. एका वधूपित्यानं विचारलं, "म्हणजे नक्की राहतो कुठं?" दुसऱ्यांनी विचारलं, "सणाला असतो का?" तिसऱ्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त कॉलनीतल्या काकूंना परस्पर फोन केला. काकूंनी सांगितलं, "मुलगा चांगला आहे, पण दिसत नाही."

बार्शीचं स्थळ मात्र वेगळं निघालं. मुलीचे वडील एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्य बसस्थानकाच्या त्या जाळीच्या खिडकीमागं, गाड्यांच्या नोंदी करण्यात गेलेलं. बार्शीकरांचा हा पिढीजात अनुभव आहे. 1897 मध्ये कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं तिथं अडीच फूट रुंदीच्या रुळांवर बार्शी लाइट रेल्वे चालू केली, तेव्हापासून गाडीची वाट पाहणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. पोहे आले. मुलगी आली. तिच्या वडिलांनी माझं शिक्षण, पगार, शेती, यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "भूमहून सोलापूरला कसे येता?"

"बार्शीवरून."

"आणि बार्शीची चुकली तर?"

"पुढची येईपर्यंत बसायचं."

"चौकशी खिडकीवर जाऊन नियंत्रकाशी वाद घालता का?"

"नाही. त्यांच्या हातात काय असतं?"

त्यांनी बायकोकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लातूरला मुक्काम का करता? संध्याकाळची गाडी आहे की."

मी एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशनचा फरक सांगितला. झोपलं तर भत्ता वाढतो, हेही सांगितलं. ते थोडा वेळ विचार करून आत ओरडले, "हिशेबी आहे गं!" आतून चहा आला.

मुलगी फिजिओथेरपिस्ट. ती इतका वेळ गप्प होती. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "फिरतीची नोकरी म्हणजे बसणं फार होत असेल ना? कंबर धरते का?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, कंपनीच्या डॉक्टरनं तर नाहीच. मी सगळं सांगून टाकलं. एसटीची शेवटची सीट, बाक, खोकी, मोटरसायकलची मागची जागा, छताजवळचा चार्जर. तिनं पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि मला भिंतीला टाचा टेकवून उभं राहायला सांगितलं. मग हात वर, हनुवटी आत, श्वास सोडत खाली वाका. मी वाकलो. तिचे वडील सवयीनं मनगटावरच्या घड्याळात सेकंद बघायला लागले.

माझी आई कुजबुजली, "अहो, पण पसंती कळवताय ना?"

"थांबा वहिनी," ते म्हणाले, "अजून दहा व्हायचेत."